दुखायचं थांबलं म्हणजे स्नायू सांधला असं नव्हे

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर विंगवरून सुसाट निघालेला पोरगा मध्येच मांडीला मागून हात लावतो, एका पायावर दोन उड्या मारतो आणि खाली बसतो. बॉल त्याच्या जवळपासही नसतो, कुणी पाडलेलंही नसतं. गॅलरीतल्या जाणकारांना तेवढ्यावरून कळतं की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला. पुढे जे घडतं तेही ठरल्यासारखंच असतं. एक जण स्प्रे मारतो, दुसरा पाय उचलून धरून ताणून देतो, तिसरा बाम चोळतो. संध्याकाळी ओळखीचा कुणीतरी गरम तेलाने रगडून देतो आणि रात्री घरी हळद-तुरटीचा लेप लागतो. यातला स्प्रे आणि लेप बिचारे निरुपद्रवी. ताणणं आणि रगडणं मात्र नुकताच फाटलेला स्नायू आणखी उसवतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे पेठांतली पोरं येऊ लागतात आणि तालमीतले पैलवान तर वर्षभर येत असतात. दोघांचीही एकच समजूत असते: दुखतंय तोवर पडून राहायचं, दुखायचं थांबलं की उतरायचं. स्नायूची दुखापत पुन्हा पुन्हा होण्यामागे बऱ्याचदा हीच समजूत असते. ती का चुकीची, हे कळायला आधी आत काय होतं ते पाहायला हवं.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जाऊन जोडले जातात, म्हणजे खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला टेकण्याच्या जरा आधी या स्नायूंना तो पुढे जाणारा पाय आवरून धरावा लागतो. त्या क्षणी स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी पूर्ण ताकदीने आवळलेलाही असतो. फाटतो तो बहुतेक तेव्हाच. तीन स्नायूंपैकी बाहेरच्या बाजूचा सगळ्यात जास्त वेळा सापडतो, आणि तोही सहसा मांसल भाग जिथे कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, मिळतो त्या जागी.

युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉल संघांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूला बाहेर बसवणाऱ्या एकूण दुखापतींपैकी ३१ टक्के स्नायूंच्या होत्या. त्यातल्या ९२ टक्के पायांच्या चारच स्नायूगटांत होत्या: मांडीची मागची बाजू, जांघ, मांडीची पुढची बाजू आणि पोटरी. एकट्या हॅमस्ट्रिंगचा वाटा ३७ टक्के. पंचवीस खेळाडूंच्या संघाला एका मोसमात साधारण पंधरा स्नायूदुखापती, असा हिशोब त्यात निघाला. तिथे प्रत्येक संघाबरोबर डॉक्टर, फिजिओ आणि मसाज करणारी माणसं असतात. आपल्याकडे सकाळी कामावर जाऊन दुपारी उन्हात मॅच खेळणारा पोरगा वॉर्मअप म्हणून दोन चकरा मारतो, त्याही गप्पा मारत.

कुस्तीत प्रकार वेगळा. समोरच्याने पट काढून धरलेला पाय सोडवताना जांघेतला स्नायू ओढला जातो, खांद्याचे आणि बरगड्यांमधले स्नायू लचकतात. पण स्नायू कुठलाही असो, बरं होण्याची आतली रीत तीच असते.

स्नायू फाटला की आत रक्त साचतं. म्हणूनच चार दिवसांनी पोरं घाबरून फोन करतात की दुखापत वर झाली होती आणि काळंनिळं गुडघ्याच्या मागे कसं उतरलं. काही नाही, साचलेलं रक्त वजनाने खाली सरकलेलं असतं. पहिल्या काही दिवसांत शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी मेलेले तंतू खाऊन टाकतात. ही जी सूज असते ती दुरुस्तीची पहिली पायरी असते, तिला शत्रू समजू नये. त्याच वेळी स्नायूच्या कडेला निजलेल्या राखीव पेशी जाग्या होऊन नवे तंतू तयार करायला लागतात, आणि मधली फट भरायला कोलॅजनचा व्रण तयार होतो. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यापर्यंत हा व्रण कच्चा असतो. पुढे काही आठवडे, मोठ्या दुखापतीत काही महिने, तो घट्ट होत जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवे तंतू कुठल्या दिशेने लागायचे हे त्यांना ताणातून कळतं. ज्या दिशेने ओढ पडते त्या दिशेने ते रांगेत लागतात. ओढ पडलीच नाही तर व्रण वेडावाकडा आणि जाड होतो आणि शेजारचा चांगला स्नायूही वाळायला लागतो. फार लवकर फार जास्त ओढ पडली तर कच्चा व्रण पुन्हा उसवतो. मधली वाट काढायची, रोज किती भार द्यायचा आणि कधी वाढवायचा हे ठरवायचं, हेच फिजिओथेरपीचं खरं काम. बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं.

बर्फ लावायचा की नाही, हा प्रश्न हमखास येतो. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली आणि जगभर पाठ झाली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम या दोन्ही गोष्टी बरं होणं लांबवू शकतात. त्यामुळे माझं सांगणं असं: ठणका फार असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, दुखणं कमी होतं. दिवसभर बर्फात पाय घालून बसायची गरज नाही. लवचिक पट्टी बांधा, बसताना पाय उंच ठेवा, लंगडत असाल तर दोन दिवस कुबडी घ्या. गरम शेक, मालिश आणि जोरात स्ट्रेचिंग मात्र पहिले काही दिवस अजिबात नको. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आपल्या मनाने घेऊ नयेत, हाही अलीकडचा सल्ला आहे, कारण दुरुस्तीची ती पहिली पायरीच त्या दाबून टाकू शकतात. इंजेक्शन घेऊन मॅच खेळणं तर सरळसरळ आत्मघात. दुखणं झाकलं जातं, फाटलेलं तसंच राहतं.

आणि व्यायाम कधी सुरू करायचा? डेन्मार्कमध्ये मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाचा व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केला, दुसऱ्याचा नऊ दिवसांनी. व्यायाम तेच, फरक फक्त सुरुवातीच्या एका आठवड्याचा. पहिला गट साधारण साडेबासष्ट दिवसांत खेळायला परतला, दुसरा ८३ दिवसांत. २०१७ चा हा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यातले खेळाडू हौशी होते, आपल्या पेठांतल्या पोरांसारखे. ‘आठवडाभर झोपून राहा, मग बघू’ या सल्ल्याची किंमत त्यात जवळपास तीन आठवडे निघाली. आणखी एक गोष्ट त्यात दडलेली आहे. लवकर सुरू करणाऱ्यांनाही दोन महिने लागले. ‘पंधरा दिवसांत उभा करतो’ म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी हा आकडा आठवावा.

पेशंट आला की मी त्याला पालथं झोपवते. बैठकीच्या हाडापासून गुडघ्याकडे बोटाने दाबत येते, दुखरा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तिथे पेनाने दोन खुणा करते आणि मधलं अंतर टेपने मोजते. पुढच्या भेटीत ते आखडलं पाहिजे. मग गुडघा किंचित वाकवून टाच माझ्या तळहातावर दाबायला सांगते, आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्याची. उताणं करून पाय सरळ वर उचलते, दोन्हीकडचा फरक बघते. फरशीवरून चालताना पाऊल आखूड पडतंय का, तेही. हे होईपर्यंत पोरं बोलत असतात: “मॅडम, रविवारी सेमीफायनल हाय. निस्तं टेप मारून द्या, बाकी मी बघतो.”

कंबरही तपासावी लागते. पळताना झटका बसल्याची ठाम आठवण नसेल, दुखणं हळूहळू आलं असेल आणि बसून पुढे वाकल्यावर मांडीतून कळ जात असेल तर मूळ कंबरेतल्या मज्जातंतूत असू शकतं. अशा माणसाला हॅमस्ट्रिंगचे व्यायाम देऊन महिनोन् महिने काही होत नाही.

पहिल्या दिवसांतला व्यायाम पाहून लोकांचा हिरमोड होतो. उताणं झोपायचं, गुडघा अर्धवट वाकवायचा आणि टाच गादीत दाबून धरायची. दहा सेकंद, मग सैल. हालचाल नाही, घाम नाही. पण ती कच्च्या व्रणाला मिळणारी पहिली ओढ असते. मग कंबर उचलायचा ब्रिज, दोन पायांवर, नंतर एका पायावर. पुढे गुळगुळीत फरशीवर टाचेखाली फडकं ठेवून कंबर वर धरायची आणि पाय सावकाश लांब सरकवत न्यायचा. घरात करायला सोपा आणि करून बघितल्यावर अवघड. त्यानंतर हातात वजन घेऊन खुब्यातून वाकणं. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालतं. त्याहून वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं वाटलं तर एक पायरी खाली यायचं. चालताना लंगडणं गेलं की हळू पळणं, मग निम्म्या वेगाने, मग पाऊणपट. पूर्ण वेग शेवटी.

भर कशावर द्यायचा? तर स्नायू लांबत असताना त्याने भार पेलण्यावर, कारण फाटला तो तसाच. स्वीडनच्या वरच्या दर्जाच्या ७५ फुटबॉलपटूंवर २०१३ मध्ये हे तपासलं गेलं. लांबवून भार देणाऱ्या व्यायामांचा गट सरासरी २८ दिवसांत परतला, नेहमीच्या व्यायामांचा गट ५१ दिवसांत.

मशीनबद्दल बोलायलाच हवं, कारण मशीन लावलं नाही तर उपचार झाल्यासारखंच लोकांना वाटत नाही. करंटच्या पॅडने तात्पुरतं दुखणं कमी होऊ शकतं, तेवढ्यापुरतं ते ठीक. अल्ट्रासाउंड फिरवून फाटलेला स्नायू लवकर जुळतो याला भक्कम पुरावा नाही. रोज वीस मिनिटं मशीनखाली झोपून व्यायाम न करता घरी जाणारा माणूस माझ्या मते पैसे वाया घालवतो, आणि त्याला तसं न सांगणारा फिजिओ त्यात सामील असतो. टेप, कपिंग, सुया यांचंही तेच: दुखणं थोडं हलकं होईल, बस्स. स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून स्नायूत टोचण्याची महागडी टूमही आली आहे. नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग फाटलेल्या ८० खेळाडूंवर ती २०१४ मध्ये तपासली, तर साध्या सलाइनच्या पाण्याने टोचलेल्यांपेक्षा हे लोक काही लवकर परतले नाहीत.

मालिशशी माझं भांडण नाही. जोर मारून झाल्यावर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात, ती पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि थकलेल्या अंगाला त्याने बरं वाटतं. ताज्या दुखापतीवर नको, इतकंच. मुका मार असेल तर दुप्पट नको.

मुका मार म्हणजे समोरच्याचा गुडघा मांडीत बसतो आणि स्नायू मांडीच्या हाडावर चेचला जातो तो. आत मोठी गाठ धरते. अशा मांडीला पहिल्याच दिवसांत गरम शेकून तेलाने रगडलं तर रक्तस्राव वाढतो आणि कधी कधी पुढे भलतंच होतं: स्नायूच्या आत चक्क हाड तयार व्हायला लागतं. दोन-तीन आठवड्यांनी गाठ दगडासारखी लागते, गुडघा वाकेनासा होतो, मग एक्स-रेमध्ये मांसात पांढरी सावली दिसते. ‘मोकळं करून देतो’ म्हणत कुणी ती गाठ अजून जोरात रगडली की प्रकरण आणखी चिघळतं. यातून सुटायला महिने लागतात. मांडीत जोराचा गुडघा बसला असेल तर पट्टी बांधा, दुखेल न दुखेल इतपत गुडघा वाकता ठेवा आणि तेलाची बाटली कपाटात राहू द्या.

साधारण दोन-तीन आठवड्यांनी बऱ्याच जणांचं रोजचं दुखणं थांबतं. जिना चढता येतो, गाडीला किक मारता येते. इथेच घोटाळा होतो. स्लॅब वरून वाळलेला दिसला म्हणून कुणी सेंटरिंग काढत नाही. स्नायूच्या बाबतीत मात्र लोक तेच करतात. दुखणं जातं त्या वेळी ताकद अजून परतलेली नसते आणि लांबलेल्या अवस्थेतली ताकद तर सगळ्यात शेवटी येते. वर सांगितलेल्या युरोपीय अभ्यासात १६ टक्के स्नायूदुखापती जुन्याच जागी पुन्हा झालेल्या होत्या आणि त्या वेळी खेळाडू पहिल्यापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिवस बाहेर राहिले.

मग खेळायला कधी सोडायचं? एमआरआय करून ठरवा म्हणतात, पण खेळायला पूर्ण तयार झालेल्या खेळाडूंपैकीही बहुतेकांच्या एमआरआयमध्ये जुना डाग दिसतच असतो. मी दाबून बघते, कुठेही दुखायला नको. चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त ताकद हवी. झोपवून सरळ पाय झटक्यात वर उचलायला सांगते आणि पोराच्या पायापेक्षा चेहरा बघते. जरा जरी बिचकला तरी अजून वेळ आहे. शेवटी मैदानावर पूर्ण वेगाच्या पाळ्या, तेही दमल्यावर, आणि संघाबरोबर निदान काही दिवस पूर्ण सराव. यात रविवारची सेमीफायनल कुठेच बसत नाही, हे सांगताना समोरचा चेहरा पडतो. त्याच्यापेक्षा मंडळाच्या कार्यकर्त्यांना समजावणं अवघड.

दुखापत होण्याआधीचं एक साधन मात्र फुकट आहे आणि तालमीत तर जास्तच सोपं. मातीवर किंवा मॅटवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे दाबून धरायचे. खुब्यात न वाकता सगळं अंग फळीसारखं सरळ ठेवून पुढे झुकत जायचं, जितकं सावकाश जमेल तितकं. शेवटी तोल सुटतोच, तेव्हा हात टेकायचे आणि ढकलून परत यायचं. याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कच्या ९४२ फुटबॉलपटूंच्या २०११ च्या अभ्यासात ज्या संघांनी हा दहा आठवड्यांचा कार्यक्रम केला त्यांच्या नव्या हॅमस्ट्रिंग दुखापती निम्म्याहून कमी झाल्या. पुढे अनेक अभ्यास एकत्र केल्यावरही साधारण निम्म्याने घट निघाली. पहिला आठवडा मांड्या भरून येतात, म्हणून सुरुवात आठवड्यातून एकदा, पाच-पाचच्या दोन पाळ्यांनी करावी आणि मॅचच्या आदल्या दिवशी टाळावा. पैलवान म्हणतात आम्ही हजार बैठका मारतो, आम्हाला कशाला. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग तयार होतो. मागच्याला त्यातला वाटा कमीच मिळतो.

बैठकांवरून आठवलं. मोठ्या खंडानंतर तालमीत परतून पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकड्यांनी बैठका मारल्या, मांड्या प्रचंड सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फिजिओकडे येऊ नका. सरळ दवाखान्यात जा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरलेली असतात आणि ती किडनी निकामी करू शकतात.

असेच आणखी काही प्रसंग आहेत जिथे व्यायामाआधी डॉक्टर हवा. चौदा ते अठराच्या मुलाला पळताना बैठकीच्या हाडापाशी टक्कन आवाज येऊन कळ आली तर एक्स-रे काढा. त्या वयात स्नायूपेक्षा हाडाचं वाढतं टोक कच्चं असतं आणि स्नायू ते टोकच उपटून काढतो. रंकाळ्यावर पळणाऱ्या किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्या चाळिशीपुढच्यांना पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटतं, आणि वळून बघावं तर मागे कुणी नसतं. बहुतेक वेळा पोटरीचा स्नायू फाटलेला असतो, तो वरच्याच पद्धतीने बरा होतो. पण पालथं झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हललंच नाही तर टाचेवरची जाड कंडरा तुटलेली असते, तिला हाडांचे डॉक्टर लागतात. झटका न बसताच एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखायला लागली तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी तपासायचं. अशी पोटरी तर चुकूनही चोळायची नाही.